रेषीय कारकाचा वर्णपट

रेषीय कारकाचा वर्णपट : रेषीय कारकातून अविकारक कारकाची एखादी सांख्यिक पट वजा केली असता जो कारक उरतो, त्याचा परिबद्ध व्यस्त कारक ज्या संख्यांसाठी मिळत नाही, अशा सर्व संख्यांच्या संचाला मूळ कारकाचा वर्णपट म्हणतात. ज्या संख्यांसाठी असा व्यस्त कारक मिळतो त्यांच्या संचाला ‘साधक संच’ आणि त्या व्यस्त कारकाला ‘साधक कारक’ अशा संज्ञा येथे वापरल्या आहेत. यूरोपीय भाषांत यांसाठी रिझॉल्व्हेंट ही संज्ञा रूढ आहे. साधक संच व वर्णपट हे परस्परांचे पूरक असून दोन्ही मिळून सदसत् संख्यांचे संपूर्ण प्रतल व्यापतात. ताणलेल्या तारेच्या कंप्रता, तबल्याच्या पुडीचे स्वर, अणूच्या ऊर्जा पातळ्या आणि स्फटिकातील इलेक्ट्रॉनांचे ऊर्जा पट्टे हे सर्व योग्य त्या कारकांच्या वर्णपटांवरून मिळतात. त्यामुळे फलनात्मक विश्लेषण या गणितशाखेतील ही संकल्पना भौतिकी व अभियांत्रिकी या विषयांतही मूलभूत ठरली आहे.

कारक व समीकरण : एका घटकाचे दुसऱ्या घटकात रूपांतर करणाऱ्या क्रियेला कारक म्हणतात. हे घटक संख्यांच्या जोड्या, संख्यांचे अनंत क्रम किंवा फलने असू शकतात. फलनाचे अवकलन अथवा समाकलन करणे, त्याला दुसऱ्या ठराविक फलनाने गुणणे या सर्व क्रिया कारकच होत. दोन घटकांच्या बेरजेवर कारकाचा होणारा परिणाम हा त्यांच्यावरील स्वतंत्र परिणामांच्या बेरजेइतका असेल आणि घटकाची पट केली असता परिणामाचीही तितकीच पट होत असेल, तर तो कारक रेषीय असतो.

विज्ञानातील पुष्कळसे प्रश्न पुढील स्वरूपाच्या समीकरणात मांडता येतात :

त क्ष − ल क्ष = अ

येथे त हा रेषीय कारक, ल ही संख्या, अ हा ज्ञात घटक आणि क्ष हा अज्ञात घटक आहे. कंप पावणाऱ्या वस्तूच्या बाबतीत अ हा बाहेरून दिलेला आवर्ती धक्का, ल ही त्या धक्क्याच्या कंप्रतेवर अवलंबून असणारी संख्या आणि क्ष हा वस्तूचा प्रतिसाद असे मानता येते. या समीकरणाबाबत तीन प्रश्न उद्‌भवतात : (१) उत्तर एकमेव आहे काय? (२) प्रत्येक अ साठी उत्तर आहे काय? (३) अ मध्ये अल्प फरक पडल्यास उत्तरातही अल्पच फरक पडतो काय? तिसरा प्रश्न व्यवहारात विशेष महत्त्वाचा आहे, कारण मोजमापाने मिळालेल्या कोणत्याही अ मध्ये थोडी चूक असतेच. तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर ल ही संख्या साधक संचात असते. एकही उत्तर नकारार्थी असेल तर ती वर्णपटात असते. वर्णपट म्हणजे ज्या संख्यांपाशी समीकरण सोडविण्याची रीत निकामी होते त्यांची नोंद होय. ही नोंदच कारकाविषयी सर्वांत अधिक माहिती देते, हे या सिद्धांताचे सार आहे.

सांत मितीतील वर्णपट : संख्यांच्या जोड्यांवरील एका साध्या कारकाचे उदाहरण घेता येईल. (क्ष, य) या जोडीपासून (२क्ष + य, क्ष + २य) ही जोडी मिळविणारा कारक घेतल्यास वरील समीकरणाचे पुढील दोन समीकरणांत रूपांतर होते :

(२ − ल) क्ष + य = अ
क्ष + (२ − ल) य = आ

या समीकरणांचा निर्धारक (ल − १)(ल − ३) इतका येतो. ल ची किंमत १ किंवा ३ नसेल तर निर्धारक शून्य नसतो आणि उत्तर एकमेव असते. ल = १ असता दोन्ही समीकरणांची डावी बाजू क्ष + य अशी एकच होते; त्यामुळे अ व आ समान नसल्यास उत्तर नाही आणि समान असल्यास उत्तरे अगणित आहेत. ल = ३ असतानाही अशीच अडचण येते. म्हणून या कारकाचा वर्णपट १ व ३ या दोन संख्यांचा आहे. या संख्यांना कारकाची आयगेन मूल्ये म्हणतात. ज्या शून्येतर घटकावर कारकाची क्रिया केली असता त्याची केवळ ल पट होते, त्या घटकाला आयगेन सदिश म्हणतात. वरील उदाहरणात (१, −१) आणि (१, १) हे अनुक्रमे १ व ३ या मूल्यांचे आयगेन सदिश आहेत.

वर्णपटाच्या जवळ गेल्यावर काय घडते हेही याच उदाहरणावरून समजते. अ = १ व आ = ० घेतल्यास ल = २ असता उत्तर (०, १) येते. ल = २.९ असता ते सुमारे (४.७, ५.३) आणि ल = २.९९ असता सुमारे (४९.७, ५०.३) येते. धक्का तितकाच असूनही प्रतिसाद वाढत जातो व तो (१, १) या आयगेन सदिशाच्या दिशेकडे झुकतो. भौतिकीत यालाच अनुस्पंदन म्हणतात. साधक कारक वर्णपटाच्या बाहेरच व्याख्यात असला, तरी वर्णपट कोठे आहे हे त्याच्या वाढत्या आकारमानावरून कळते.

सांत मितीच्या अवकाशात उत्तर एकमेव असेल, तर ते प्रत्येक अ साठी मिळतेच आणि स्थिरही असते. म्हणजे वर उल्लेखिलेले तीन प्रश्न तेथे एकच होतात आणि वर्णपट म्हणजे केवळ आयगेन मूल्यांचा संच ठरतो. अनंत मितीच्या अवकाशात हे तीन प्रश्न परस्परांपासून सुटे होतात व त्यामुळेच आयगेन मूल्यांहून व्यापक अशा वर्णपटाच्या संकल्पनेची गरज भासते.

व्याख्या : प्रत्येक घटकाला लांबीसारखे एक मान असणाऱ्या आणि सीमा घेण्याच्या दृष्टीने परिपूर्ण असणाऱ्या रेषीय अवकाशाला बानाख अवकाश म्हणतात. हे मान अंतर्गुणाकारावरून मिळत असल्यास त्या अवकाशाला हिल्बर्ट अवकाश म्हणतात. कारकाच्या क्रियेने कोणत्याही घटकाचे मान एका ठराविक पटीहून अधिक वाढत नसेल, तर कारक परिबद्ध असतो आणि अशा पटींपैकी लघुतम पट हे त्या कारकाचे मान होय. त हा सदसत् बानाख अवकाशातील संवृत रेषीय कारक असेल आणि (त − ल) हा कारक एकास-एक असून त्याची व्याप्ती संपूर्ण अवकाश असेल व त्याचा व्यस्त कारक परिबद्ध असेल, तर ल साधक संचात असते. वर्णपटातील उरलेल्या संख्यांचे तीन वर्ग करतात. (१) बिंदू वर्णपट : (त − ल) एकास-एक नसतो, म्हणजेच ल हे आयगेन मूल्य असते. (२) संतत वर्णपट : (त − ल) एकास-एक असतो, त्याच्या व्याप्तीतील घटकांनी अवकाशातील कोणत्याही घटकाच्या हवे तितके जवळ जाता येते, परंतु व्याप्ती संपूर्ण अवकाशाइतकी नसते. (३) अवशिष्ट वर्णपट : (त − ल) एकास-एक असतो, परंतु त्याची व्याप्ती इतकी अपुरी असते की, काही घटकांच्या जवळपासही पोहोचता येत नाही.

संतत व अवशिष्ट वर्णपटाची उदाहरणे : ० ते १ या अंतरालावरील, ज्यांच्या वर्गाचा समाकल सांत आहे, अशा फलनांचा अवकाश घेऊन प्रत्येक फलनाला ट या चलानेच गुणणारा कारक विचारात घ्यावा. ल = १/२ असता समीकरणाचे उत्तर अ ला (ट − १/२) ने भागून येते. अ हे सर्वत्र १ असणारे फलन घेतल्यास भागाकाराच्या वर्गाचा समाकल अनंत होतो, म्हणजे अवकाशात उत्तर नाही. अ हे फलन १/२ च्या आसपास शून्य असेल तर मात्र उत्तर मिळते आणि कोणत्याही फलनाच्या हवे तितके जवळ असे फलन असते. ० ते १ मधील प्रत्येक संख्येबाबत हाच प्रकार घडतो. म्हणून या कारकाचा वर्णपट ० ते १ हे संपूर्ण अंतराल आहे. तथापि त्यात एकही आयगेन मूल्य नाही. १/२ च्या दोन्ही बाजूंस ०.००१ इतक्याच पट्ट्यात शून्येतर असलेले, एकक मानाचे फलन घेतले तर (त − १/२) या कारकाने त्याचे मान ०.००१ पेक्षा अधिक उरत नाही. असे फलन आयगेन सदिश नसले तरी त्याच्या अगदी जवळचे असते. पट्टा अरुंद करत गेल्यास ही जवळीक वाढत जाते, पण तिची सीमा मात्र अवकाशात सापडत नाही.

अवशिष्ट वर्णपटाचे प्रसिद्ध उदाहरण सरकत्या कारकाचे आहे. ज्यांतील संख्यांच्या केवल मूल्यांच्या वर्गांची बेरीज सांत आहे असे अनंत क्रम घेऊन (क्ष१, क्ष२, क्ष३, …) पासून (०, क्ष१, क्ष२, …) हा क्रम मिळविणारा कारक पहावा. प्रत्येक संख्या एक घर उजवीकडे सरकते. ल = ० असता कारक एकास-एक आहे; परंतु त्यातून मिळणाऱ्या प्रत्येक क्रमाचे पहिले घर रिकामे असल्याने (१, ०, ०, …) या क्रमापासून तो निदान १ इतक्या अंतरावर राहतो. या कारकाचा वर्णपट म्हणजे आदिबिंदूभोवतीची, परिघासह, एकक त्रिज्येची संपूर्ण वर्तुळाकार चकती होय. चकतीच्या आतील सर्व संख्या अवशिष्ट वर्णपटात व परिघावरील सर्व संख्या संतत वर्णपटात असतात. याउलट प्रत्येक संख्या डावीकडे सरकवून पहिली गाळणाऱ्या कारकाचा वर्णपट हीच चकती असली, तरी तिच्या आतील प्रत्येक ल हे त्याचे आयगेन मूल्य असते. (१, ल, लचा वर्ग, लचा घन, …) हा त्याचा आयगेन सदिश होय. वर्णपट एकच असूनही समीकरण निकामी होण्याची कारणे अशी वेगळी असू शकतात.

प्रांत व सीमा अटी : अवकलन हा परिबद्ध कारक नाही, अत्यंत जलद हेलकावे घेणाऱ्या लहान फलनाचा अवकलज कितीही मोठा असू शकतो. अशा अपरिबद्ध कारकाच्या बाबतीत तो कोणत्या फलनांवर लावावयाचा, म्हणजे त्याचा प्रांत कोणता, हे सांगितल्याशिवाय वर्णपटाविषयी काहीच बोलता येत नाही. ० ते १ या अंतरालावरील संतत फलनांच्या अवकाशात अवकलन हा कारक घेऊन हे पाहता येते. संतत अवकलज असणाऱ्या सर्व फलनांवर तो लावल्यास कोणत्याही ल साठी ल-घातांकी घातीय फलन हा आयगेन सदिश मिळतो. म्हणून वर्णपट संपूर्ण सदसत् प्रतलाइतका असतो व साधक संच रिक्त असतो. फलनाचे मूल्य ० या टोकाशी शून्य असावे अशी अट घातल्यास कोणत्याही ल साठी आणि कोणत्याही अ साठी समीकरणाचे एकमेव व स्थिर उत्तर समाकलनाने लिहिता येते. म्हणून वर्णपट रिक्त असतो. दोन्ही टोकांशी मूल्य समान असावे अशी अट घातल्यास असत् अक्षावर २π या अंतराने बसलेल्या संख्यांचा वर्णपट मिळतो. सूत्र तेच असूनही केवळ टोकांवरील अटीमुळे वर्णपट संपूर्ण प्रतल, रिक्त संच अथवा सुट्या बिंदूंची रांग असा बदलतो. तार दोन्ही टोकांस बांधली आहे की एक टोक मोकळे आहे, यावर तिचे स्वर अवलंबून असतात, या अनुभवाचेच हे गणिती रूप आहे. [→ अवकलन समीकरणे].

मूलभूत गुणधर्म : ल ही संख्या साधक संचात असून तिच्या साधक कारकाचे मान म असेल, तर ल पासून १/म पेक्षा कमी अंतरावरील सर्व संख्या साधक संचात असतात. हे सिद्ध करण्यासाठी संख्यांच्या अनंत गुणोत्तर श्रेढीप्रमाणेच कारकांची श्रेढी मांडतात. तिला कार्ल नॉयमान (१८३२–१९२५) या जर्मन गणितज्ञांच्या नावाने ओळखतात. यावरून साधक संच विवृत व वर्णपट संवृत असतो हे दिसते, तसेच वर्णपटाच्या जवळ जाताना साधक कारकाचे मान अमर्याद वाढते हेही सिद्ध होते. ल व ळ या साधक संचातील दोन संख्यांच्या साधक कारकांमधील फरक हा त्या दोन कारकांच्या गुणाकाराच्या (ल − ळ) पट असतो. या साध्या नित्यसमानतेवरून साधक कारक हे ल चे वैश्लेषिक फलन असल्याचे आढळते. त्यामुळे सदसत् चलाच्या फलनांचा समृद्ध सिद्धांत कारकांच्या अभ्यासास लागू करता येतो.

कारक परिबद्ध असेल तर त्याचा वर्णपट आदिबिंदूभोवती कारकाच्या मानाइतकी त्रिज्या असलेल्या चकतीत सामावतो. अवकाश केवळ शून्य घटकाचा नसल्यास हा वर्णपट कधीही रिक्त नसतो. तो रिक्त असता तर साधक कारक संपूर्ण प्रतलावर वैश्लेषिक आणि अनंताशी शून्याकडे जाणारा झाला असता. ल्यूव्हील यांच्या प्रमेयानुसार तो सर्वत्र शून्य ठरला असता आणि हे अशक्य आहे. सांत मितीत याच विधानाचा अर्थ प्रत्येक बहुपदीला सदसत् मूळ असते असा होतो. केवळ सत् संख्या घेतल्यास हे विधान खरे राहत नाही : प्रतल काटकोनातून फिरविणाऱ्या कारकाला सत् आयगेन मूल्य नाही. वर्णपटातील आदिबिंदूपासून सर्वांत दूरच्या संख्येचे अंतर म्हणजे वर्णपटीय त्रिज्या होय. कारकाच्या न-व्या घाताच्या मानाचे न-वे मूळ काढून न अनंताकडे नेल्यास हीच त्रिज्या मिळते. हे सूत्र इस्राएल गेलफांड (१९१३–२००९) या रशियन गणितज्ञांनी १९४१ मध्ये व्यापक स्वरूपात मांडले.

संहत व स्वयंसंलग्न कारक : दोन प्रकारच्या कारकांचे वर्णपट विशेष सुबोध असतात. समाकल समीकरणांत येणारे पुष्कळसे कारक ‘संहत’ असतात, म्हणजे सांत मितीच्या कारकांनी त्यांना हवे तितके जवळ गाठण्याचा गुणधर्म त्यांच्यात प्रायः आढळतो. अशा कारकाच्या वर्णपटातील प्रत्येक शून्येतर संख्या आयगेन मूल्य असते, तिचे स्वतंत्र आयगेन सदिश सांत संख्येचे असतात आणि या मूल्यांचा साठा केवळ शून्यापाशीच होऊ शकतो. हिल्बर्ट अवकाशातील स्वयंसंलग्न कारक हा सममित आव्यूहाचा अनंत मितीतील अवतार होय. त्याचा वर्णपट पूर्णतः सत् अक्षावर असतो, अवशिष्ट वर्णपट नसतो आणि साधक कारकाचे मान हे ल च्या वर्णपटापासूनच्या अंतराच्या नेमक्या व्यस्ताइतके असते. शिवाय संपूर्ण कारक त्याच्या वर्णपटावरील एका समाकलाच्या रूपात मांडता येतो. याला वर्णपटीय प्रमेय म्हणतात. [→ आव्यूह सिद्धांत, हिल्बर्ट अवकाश].

इतिहास : शार्ल स्त्युर्म व झोझेफ ल्यूव्हील यांनी १८३६–३७ मध्ये द्वितीय कोटीच्या अवकलन समीकरणांच्या सीमा प्रश्नांचा अभ्यास करून आयगेन मूल्यांच्या सिद्धांताचा पाया घातला. अमेरिकन ज्योतिर्विद जी. डब्ल्यू. हिल यांनी १८७७ मध्ये चंद्राच्या गतीच्या अभ्यासात आवर्ती सहगुणक असलेले एक समीकरण वापरले. अशा समीकरणात येणारी मूल्ये सुटी नसून सलग पट्ट्यांची बनलेली असतात. ऑस्ट्रियन गणितज्ञ व्हिल्हेल्म व्हिर्टिंगर यांनी १८९७ मध्ये या पट्ट्यांची तुलना प्रकाशाच्या पट्टवर्णपटाशी केली. स्वीडिश गणितज्ञ ईव्हार फ्रेडहोम (१८६६–१९२७) यांनी १९०० व १९०३ मधील निबंधांत समाकल समीकरणांचा सिद्धांत मांडून एकतर प्रत्येक अ साठी एकमेव उत्तर असते, नाहीतर समघाती समीकरणाला शून्येतर उत्तर असते, असा पर्याय सिद्ध केला.

फ्रेडहोम यांच्या कार्यामुळे प्रेरित होऊन डेव्हिड हिल्बर्ट (१८६२–१९४३) यांनी गटिंगेन येथे १९०४ ते १९१० या काळात समाकल समीकरणांवर सहा निबंध प्रसिद्ध केले. १९०६ मधील निबंधात अनंत चलांच्या वर्गरूपांचा विचार करताना त्यांनी ‘वर्णपट’ ही संज्ञा योजिली आणि बिंदू वर्णपट व संतत वर्णपट यांतील भेद दाखविला. हेर्मान व्हाइल यांनी १९१० मध्ये अनंत अंतरालावरील अवकलन कारकांचे वर्णपट तपासले. हंगेरियन गणितज्ञ फ्रिजेश रीस यांनी १९१८ मध्ये संहत कारकांचा सिद्धांत पूर्ण केला. अपरिबद्ध स्वयंसंलग्न कारकांचा सिद्धांत जॉन फोन नॉयमान (१९०३–५७) व मार्शल स्टोन (१९०३–८९) यांनी १९२९ ते १९३२ या काळात उभारला.

भौतिकीशी संबंध : हिल्बर्ट यांनी संज्ञा योजिली तेव्हा गणितातील वर्णपट व प्रकाशाचा वर्णपट यांत साधर्म्यापलीकडे संबंध प्रस्थापित झालेला नव्हता. वीस वर्षांनंतर तो प्रस्थापित झाला. एर्व्हीन श्रोडिंजर यांनी १९२६ मध्ये हायड्रोजन अणूच्या ऊर्जा पातळ्या या एका अवकलन कारकाची आयगेन मूल्ये असल्याचे दाखविले. ही मूल्ये −१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट या संख्येला १, ४, ९, १६ या वर्गसंख्यांनी भागून मिळतात, म्हणजे ती −१३.६, −३.४, −१.५१, −०.८५ … अशी असून शून्यापाशी दाटत जातात. शून्यापासून पुढील सर्व धन संख्या त्याच कारकाच्या संतत वर्णपटात येतात. ऋण आयगेन मूल्ये अणूत बद्ध असलेल्या इलेक्ट्रॉनाच्या आणि संतत भाग अणूपासून मुक्त झालेल्या इलेक्ट्रॉनाच्या अवस्था दर्शवितो. येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. वर्णपटदर्शकात दिसणाऱ्या रेषा या कारकाच्या वर्णपटातील संख्यांशी नव्हे, तर त्यांच्यातील फरकांशी निगडित असतात. तिसऱ्या व दुसऱ्या पातळ्यांतील १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या फरकातून ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीची तांबडी रेषा आणि चौथ्या व दुसऱ्या पातळ्यांतील फरकातून ४८६.१ नॅनोमीटरची निळसर रेषा मिळते.

स्फटिकातील अणूंच्या आवर्ती मांडणीत इलेक्ट्रॉनांच्या कारकाचा वर्णपट पट्ट्यांचा बनतो, हे फेलिक्स ब्लॉख यांच्या १९२८ मधील कार्यावरून स्पष्ट झाले. हिल यांच्या समीकरणातील पट्ट्यांचेच हे त्रिमितीय रूप होय. दोन पट्ट्यांमधील रिकाम्या जागा साधक संचात मोडतात. तेथील ऊर्जेच्या अवस्था इलेक्ट्रॉनाला उपलब्ध नसतात. निरोधक, अर्धसंवाहक व धातू यांतील भेद या रिकाम्या जागांची रुंदी आणि पट्टे कितपत भरलेले आहेत यांवर अवलंबून असतो. [→ घन अवस्था भौतिकी].

ध्वनिकीत वर्णपट प्रत्यक्ष कानांना ऐकू येतो. दोन्ही टोकांस बांधलेल्या एकसारख्या तारेच्या कंप्रता १ : २ : ३ : ४ अशा पूर्णांकी प्रमाणात असल्याने तिचा नाद सुरेल वाटतो. एकसारख्या जाडीच्या वर्तुळाकार पडद्याच्या कंप्रतांचे प्रमाण मात्र १ : १.५९ : २.१४ : २.३० : २.६५ असे येते आणि त्यामुळे साध्या ढोलाला निश्चित स्वर नसतो. तबला व मृदंग यांच्या पुडीवर मध्यभागी शाईचा थर देऊन तिचे वस्तुमान असमान केलेले असते. चंद्रशेखर वेंकट रामन (१८८८–१९७०) यांनी १९२० मध्ये एका सहकाऱ्यासमवेत ‘नेचर’ या नियतकालिकात व १९३४ मध्ये सविस्तर निबंधात असे दाखविले की, या थरामुळे पुडीच्या कंप्रता पूर्णांकी प्रमाणाच्या अगदी जवळ येतात. गणिताच्या भाषेत, शाई ही पडद्याच्या कारकात केलेली दुरुस्ती असून तिच्यामुळे वर्णपटातील संख्या हव्या त्या जागी सरकतात. वाद्ये बनविणाऱ्या कारागिरांनी अनुभवाने साधलेली ही गोष्ट वर्णपट सिद्धांताच्या कितीतरी आधीची आहे. वर्णपटावरून वस्तूचा आकार ओळखता येईल काय, हा उलट प्रश्न मार्क काक यांनी १९६६ मध्ये पडद्यांच्या संदर्भात विचारला. भिन्न आकाराच्या दोन सपाट पडद्यांचे वर्णपट तंतोतंत सारखे असू शकतात, हे कॅरोलिन गॉर्डन, डेव्हिड वेब व स्कॉट वोल्पर्ट यांनी १९९२ मध्ये दाखविल्याने त्याचे उत्तर सामान्यतः नकारार्थी ठरले.

वर्णपटाच्या मर्यादा : स्वयंसंलग्न कारकाविषयी वर्णपट जितकी खात्रीची माहिती देतो तितकी तो इतर कारकांविषयी देत नाही. (क्ष, य) पासून (१०००य, ०) ही जोडी मिळविणारा कारक घेतल्यास त्याचा वर्णपट केवळ शून्याचा आहे. ल = १ ही संख्या वर्णपटापासून १ इतक्या अंतरावर आहे; कारक स्वयंसंलग्न असता तर तेथे साधक कारकाचे मान १ आले असते. प्रत्यक्षात ते १००० पेक्षा थोडे अधिक येते. याचा परिणाम असा की, दुसऱ्या घटकात ०.००१क्ष इतकी क्षुल्लक भर घातली, म्हणजे (१०००य, ०.००१क्ष) हा कारक घेतला, तर वर्णपट शून्यावरून एकदम १ व −१ या संख्यांवर उडी घेतो. एखाद्या यंत्रणेचे स्थैर्य तिच्या कारकाचा वर्णपट प्रतलाच्या डाव्या अर्ध्या भागात आहे की नाही यावरून ठरविण्याची पद्धत आहे. अशा कारकांच्या बाबतीत ती पद्धत फसवी ठरू शकते : कालांतराने विरणारा क्षोभ त्यापूर्वी कित्येक पट वाढू शकतो व गणनेतील सूक्ष्म चुकीमुळेही निष्कर्ष बदलू शकतो. द्रायूंच्या प्रवाहातील अस्थैर्याच्या अभ्यासात हा अनुभव आलेला आहे. म्हणून ज्या संख्यांसाठी साधक कारकाचे मान विशिष्ट मर्यादेहून मोठे असते, त्या सर्वांचा संच काढण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. त्या संचाला आभासी वर्णपट म्हणता येईल. समीकरण कोठे निकामी होते हे वर्णपटावरून कळते. निकामी होण्याच्या किती निकट आपण आहोत हे साधक कारकाच्या मानावरूनच कळते. यामुळे दोहोंचा एकत्रित विचार केल्याशिवाय कारकाचे वर्तन पूर्णपणे उलगडत नाही.